ताई, गाठ एकदा बघता का?

श्री. मायाप्पा कोळेकर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आण्णा, येत्या महिन्यात साठ वर्षांचे होऊन आमच्या सांगलीच्या रुग्णालयातून निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असं समितीचं पत्र आलं, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. वेळ नाही असं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच. समितीतली मंडळी काही पाठ सोडायला तयार नव्हती. "किडनी बसवायच्या शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आणि किडनी जिवंत ठेवणारं गरम यंत्र आण्णांनी उभं केलं. मग तुमच्याशिवाय लिहिणार कोण?" असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं ते. मग मी म्हटलं, लिहायचंच तर सगळं लिहीन, एक शब्द गाळायचा नाही. त्यांनी हो म्हटलं. काय कबूल केलं हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

आण्णांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. भांडले मी एकटीच, हेही सांगून टाकते. मी रहिमतपूरची, सुभेदाराची लेक. आमच्या घरात हुकूम सुटायचे, त्यांना उत्तरं नसायची. तोच खाक्या घेऊन मी सांगलीत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन बघायला थिएटरात शिरले. हृदय थांबवून काम करायचं असतं तेव्हा रक्त शरीराबाहेर एका यंत्रातून फिरवतात. त्या यंत्रावर आण्णा बसले होते. समोर तापमानाचा आकडा लखलखीत दिसत होता, तरी हा गृहस्थ दर थोड्या वेळानं रक्ताच्या नळीला मनगटाची मागची बाजू लावून बघत होता. मला राहवलं नाही. "अरे, आकडा दिसत नाही का तुला? हात कसला लावतोस?" मी सगळ्यांसमोर बोलले. आण्णा शांतपणे म्हणाले, "आकडा बराबर हाय, ताई. हाताला बी सांगून ठेवतो."

मी त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठी. पण डॉक्टर म्हणून मी त्यांना अरेतुरे करायची आणि ते मला 'अहो ताई' म्हणायचे. असं कित्येक वर्षं चाललं. आज लिहिताना लाज वाटते.

आण्णांचं मूळ गाव कवठे महांकाळच्या पलीकडची एक वाडी. वडिलांची मेंढरं होती. चार महिने घरी आणि आठ महिने मेंढरांमागं, असं आयुष्य. आण्णा शाळेत हुशार निघाले, म्हणून त्यांना मामाच्या घरी ठेवलं, आणि पुढं ते तंत्रज्ञ झाले. अशा माणसाच्या डोक्यात किडनी गरम ठेवायचा विचार आला कसा, असं मला पुष्कळ लोक विचारतात. त्याची गोष्ट अशी.

आमच्या धंद्यात पहिला धडा बर्फाचा. दात्याच्या शरीरातून किडनी काढली की ती थंडगार द्रावणानं धुवायची, पिशवीत घालायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि गाडीत बसून पळायचं. बर्फात तिला भूक लागत नाही, त्यामुळे ती काही तास टिकते. पण जितका वेळ जास्त, तितकी ती आतून खचत जाते. आणि मुख्य अडचण म्हणजे बर्फातली किडनी काही सांगत नाही. चांगली असो की वाया गेलेली, दिसायला सारखीच फिकी. मग वयस्कर दात्याची, जरा शंकेची किडनी आली की आम्ही सर्जन लोक घाबरतो आणि ती टाकून देतो.

एकदा अशीच एक किडनी मी नाकारली. आण्णा तिथंच उभे होते. म्हणाले, "ताई, आमच्यात थंडीत एखादं कोकरू गारठून पडतं. जित्तं हाय का मेलंय, हाताला कळत न्हाई. मग टाकून देत न्हाईत त्याला. चुलीपाशी धरत्यात. ऊब लागली की हालतंय, न्हाईतर न्हाई. बर्फात ठेवून कसं कळायचं वो?"

मी हसले. म्हटलं, मायाप्पा, ही मेंढरं नव्हेत. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. परदेशात नेमकं हेच करतात हे मी वाचलं होतं. शरीराइतक्या उबेचं, प्राणवायू भरलेलं रक्त यंत्रातून किडनीत फिरवत ठेवायचं. तिला खायला द्यायचं. ती जागी झाली, गुलाबी झाली आणि थेंब थेंब लघवी करायला लागली, तर समजायचं की ही जिवंत आहे, कुणाच्या तरी पोटात बसवता येईल. मी वाचून ठेवलं होतं. आण्णांनी काही न वाचता विचारलं होतं.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे आण्णांची तपश्चर्या. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आणलेले आणि मुदत संपलेले यंत्राचे भाग, जुना पंप, पाणी गरम करायची टाकी, सगळं जमवून त्यांनी मागच्या खोलीत मांडणी केली. सरावासाठी बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्याचे ताजे गुर्दे आणायचे. रोज सकाळी दोन. खाटीक एक दिवस काळजीनं म्हणाला, "आण्णा, गुर्दं पचायला जड असतंय. जरा दमानं खावा."

आणि तो दिवस. माझी ओपीडी खचाखच भरलेली. आण्णा हातात एवढीशी काचेची नळी धरून धावत आत आले आणि ओरडले, "ताई, मुतली!" बाकावर बसलेल्या एका म्हातारीला वाटलं, यांच्या घरी कुणा बाळाची लघवी तुंबली असणार. ती हात जोडून म्हणाली, "बरं झालं बाबा, पोरगीला मोकळं झालं." सगळी ओपीडी हसली. आण्णा मात्र रडत होते. नळीत बकऱ्याच्या किडनीनं केलेलं चमचाभर पिवळं पाणी होतं. मी त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढाच, एकदाच.

पुढं परवानगीची खटपट मी केली. दुसरीकडं नाकारलेली किडनी, घेणाऱ्याला सगळं समजावून, लेखी संमती घेऊन यंत्रावर चढवायची, असं रुग्णालयाच्या समितीनं मान्य केलं. नियम मी लिहिले. त्यातला एक नियम असा होता की दीड तासात लघवीचा थेंब आला नाही, तर किडनी बसवायची नाही. आण्णांनी तो वाचला आणि म्हणाले, "ताई, थेंबाबरूबर रंग बी धरा. रक्त किती सहज आत जातंय ते बी धरा." मी म्हटलं, मला भावना नकोत, पुरावा हवा. नियम तसाच राहिला.

आता माझ्या गाठींबद्दल सांगायला हवं. सर्जनची कीर्ती त्याच्या गाठींवर असते. माझ्या वडिलांनी मला लहानपणी तंबूच्या दोराच्या गाठी शिकवल्या होत्या आणि माझी गाठ कधी सैल पडली नाही, हा माझा अभिमान. विद्यार्थी म्हणायचे, मॅडमची गाठ एकदा बसली की बसली. मी ते ऐकून सुखावायची.

शालनताई आष्ट्याच्या. अंगणवाडी चालवायच्या. यजमान बाळासाहेब, घरचा ऊस, दोन लेकी. शालनताई चार वर्षं डायलिसिसवर होत्या. आठवड्यातून तीनदा एसटीनं सांगलीला यायच्या आणि येताना अंगणवाडीच्या पोरांची गाणी गुणगुणत यायच्या. आण्णांशी त्यांची गट्टी होती. आपल्या पूर्वेकडच्या भागातल्या पेशंटांना आण्णा उतरायची सोय बघून द्यायचे, कुणाची शेवटची एसटी चुकली तर घरी जेवायला न्यायचे. तसंच शालनताईंच्या घरचंही सगळं त्यांना पाठ होतं. शालनताईंनी यंत्राच्या खोलीत येऊन सगळं बघितलं होतं, खोदून खोदून विचारलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, "आण्णा, तुमच्या मशिनची पयली गिऱ्हाईक मीच. दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाई, सांगून ठेवते."

त्यांचा नंबर लागला. साताऱ्यातल्या एका रुग्णालयात एक वयस्कर गृहस्थ मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. घरच्यांनी त्या दुःखातही अवयवदानाला संमती दिली. एक किडनी दुसरीकडं गेली. दुसरी दोन ठिकाणी नाकारली गेली, कारण दात्याचं वय आणि जुना रक्तदाब. मी स्वतः साताऱ्याला जाऊन ती पेटी घेऊन आले. कराड सोडलं तेव्हा आण्णांचा फोन आला, "टाकी गरम हाय, ताई. शालनताई बी आल्यात. लेकींना घेऊन आल्यात."

दुपारी आम्ही किडनी पेटीतून काढली. मी तिच्या रक्तवाहिन्यांना नळ्या जोडल्या. लघवीच्या वाहिनीत एक मऊ, बारीक नळी सरकवली आणि तिच्याभोवती धागा आवळला. माझी नेहमीची गाठ. आण्णांनी यंत्र सुरू केलं.

किडनी गुलाबी झाली हो! फिक्या मातीच्या रंगाची ती वस्तू बघता बघता जिवंत मांसाच्या रंगाची झाली. रक्त सहज आत जात होतं. आण्णांनी मनगट लावून बघितलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना काही बोलले नाही. आम्ही दोघंही त्या बारीक नळीच्या टोकाकडं बघत बसलो.

अर्धा तास झाला. थेंब नाही. एक तास झाला. थेंब नाही. बाहेरच्या खोलीत शालनताई हिरवा गाऊन घालून तयार होत्या. दीड तास व्हायला आला तसा माझा संताप वाढायला लागला. मला साताऱ्याहून येण्याचा शीण होता, समितीपुढं तोंडघशी पडायची भीती होती. आण्णा खाली वाकून किडनीच्या मागच्या बाजूला बघत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, गाठ एकदा बघता का?"

मी म्हटलं, "काय?"

"न्हाई, वाहिनी जरा फुगल्यावानी दिसती. गाठीच्या वरच्या अंगाला."

"माझी गाठ?" मी म्हटलं. खोलीत दोन नर्स होत्या, एक भूलतज्ज्ञ होते. "इतक्या वर्षांत माझी गाठ कुणी तपासली नाही, आणि तू तपासणार?"

"तसं न्हवं, ताई. उगं आपलं…"

"उगं बिगं काही नाही. नियम म्हणजे नियम. बंद कर यंत्र."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग यंत्र बंद केलं. मी किडनी सोडवून ताटात घेतली. खराब का झाली ते तपासायला प्रयोगशाळेला पाठवायची होती. त्यासाठी एक बारीकसा तुकडा पुरे असतो. पण मी रागात सुरी घेतली आणि ती मधोमध उभी चिरली. हातमोजे काढले, बाहेर गेले आणि शालनताईंना म्हटलं, "यंत्रावर चालली नाही. पुढच्या वेळी बघू."

शालनताईंनी मान हलवली. "तुमी तरी काय करणार, डॉक्टर," म्हणाल्या, आणि त्यांनी मलाच पाणी दिलं.

मी आत आले तेव्हा आण्णा ताटापाशी उभे होते. हातात छोटी कात्री होती. त्यांनी माझ्या धाग्याची गाठ कापली होती, आणि वाहिनीच्या वरच्या फुगलेल्या भागात अडकून पडलेली लघवी नळीतून ताटात आली होती. फार नाही, पळीभर असेल. ऊन होती अजून. माझ्या गाठीनं ती मऊ नळी आतून पार चेपून गेली होती. किडनी तासभर काम करत होती आणि तिला बाहेर सोडायला मी वाट ठेवली नव्हती. आता तिचे दोन तुकडे समोर पडले होते.

मी म्हटलं, "कुणाला…" आणि पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. त्यांना ते कळलं. संध्याकाळी त्यांनी यंत्राची वही माझ्यासमोर उघडून धरली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'यंत्र थांबवल्यानंतर गाठ सोडली असता लघवी आली.' म्हणाले, "लिव्हलंय, ताई. खोटं लिव्हायला हात व्हईना. गाठ कुणाची ते लिव्हलं न्हाई."

समितीची बैठक झाली. कुणी वही मागवली नाही. मला विचारलं, कारण काय? माझ्यापुढं दोनच वाक्यं होती. एक, माझी गाठ चुकली. मी दुसरं बोलले, "घरगुती जुळणी आहे, भरवसा देता येत नाही." आण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. प्रयोग बंद झाला. यंत्रावर कापड घालून ते कोठीच्या खोलीत गेलं. मी सर्जन म्हणून तशीच राहिले, आणि ज्यांचं काही चुकलं नव्हतं त्यांच्या यंत्राला सगळ्यांनी नावं ठेवली.

शालनताईंना पुन्हा किडनी मिळाली नाही. दीड वर्षानं त्यांना जंतुसंसर्ग झाला आणि त्या गेल्या. त्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी बाळासाहेबांनी आण्णांना गाठलं. "तुमच्या त्या मशिननं नेली माझी बायको," ते म्हणाले. "आशा लावून ठेवली आन् नेली. पुन्यांदा मला तोंड दावू नका." आण्णा हात जोडून उभे होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी हातातल्या कागदांकडं बघत राहिले. आष्ट्याला शालनताईंच्या दहाव्याला आण्णा गेले आणि गावाबाहेरच्या स्टँडवर बसून परत आले, हे मला फार नंतर एका नर्सकडून समजलं.

इतकं होऊनही हा माणूस माझ्याशी तसाच वागला. पुढच्या वर्षी माझे वडील आमच्याच रुग्णालयात शेवटच्या दुखण्यात पडून होते. मी दिवसभर ऑपरेशनांत. तरी बाबांची दाढी रोज गुळगुळीत. मला वाटलं, वॉर्डबॉय करत असेल. एक दिवस लवकर गेले तर आण्णा त्यांच्या गालाला साबण लावत होते आणि बाबा पडल्या पडल्या म्हणत होते, "कोळेकर, डाव्या बाजूला राहिलंय बघ." फौजी माणसाला दाढीशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, हे त्यांच्या लेकीला सुचलं नव्हतं. बाबा जाण्याआधी मला म्हणाले, "हा माणूस सोन्याचा आहे. याला जप." मी मान डोलावली. त्यांना खरं सांगायचीही हिंमत झाली नाही.

काही वर्षांनी मोठ्या शहरांत अशी गरम यंत्रं यायला लागली. मग आमच्याकडंही पुन्हा विचार सुरू झाला. मी कोठीची खोली उघडायला सांगितली. यंत्र धुळीत पडलं असेल असं मला वाटलं होतं. कापड काढलं, तर पंप तेल दिलेला, नळ्या नव्या, टाकी स्वच्छ. दर महिन्याला आण्णा ते एकदा चालवून बघत होते. मी विचारलं, "कशासाठी?" म्हणाले, "गाय भाकड हाय म्हणून वैरण थोडीच बंद करतंय कोण, ताई?"

या खेपेला नियम त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाले. रंग, प्रवाह आणि थेंब, तिन्ही बघायचं. आणि किडनी नाकारण्याआधी गाठ सोडून, नळी बदलून, पुन्हा थांबून बघायचं. त्या यंत्रावर जाग्या झालेल्या किडन्या आज माणसांच्या पोटात काम करत आहेत. त्यातला एकजण दर दसऱ्याला आण्णांना सोनं द्यायला येतो. पुढं रुग्णालयानं नवं, कंपनीचं यंत्र घेतलं. त्याच्यावरचे तंत्रज्ञ आण्णांच्या हाताखाली शिकले. ते सगळे आकडा बघून झाल्यावर नळीला मनगट लावतात. हारतुरे मात्र माझ्या गळ्यात पडले. व्यासपीठावर मी, आणि आण्णा मागं खुर्च्या लावत. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी मी आभार मानून खाली बसले.

म्हणून या लेखाला मी नाही म्हणत होते. आणि म्हणूनच मग हो म्हटलं. त्या दिवशी काय घडलं ते मी रुग्णालयाच्या समितीला लेखी दिलं आहे, वहीच्या पानासकट. काय करायचं ते त्यांनी ठरवावं. आण्णांच्या यंत्राला नावं ठेवली गेली त्या बैठकीचं इतिवृत्त दुरुस्त व्हावं, एवढंच मी मागितलं आहे.

लिहायला बसण्याआधी मी आष्ट्याला गेले. बाळासाहेब दारातच भेटले. केस पांढरे झालेत. थोरल्या लेकीचं लग्न झालंय, धाकटी अंगणवाडीत लागलीय, आईच्याच जागी. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. गाठीचं, सुरीचं, बैठकीचं, वॉर्डाच्या दाराचं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजी ती चालत हुती."

मी म्हटलं, "हो. चालत होती."

"आन् त्या माणसाला ठावं हुतं."

"हो."

"आन् मी बोल बोल बोललो, तरी त्यो हात जोडून हुबा."

मग ते उठले आणि म्हणाले, "बाई, तुमी आता जावा." चहाचं विचारलं नाही. विचारायला नकोच होतं. मी चालत स्टँडवर आले आणि ज्या बाकावर बहुधा आण्णा बसले असतील, त्यावर बसून रडले.

चार दिवसांनी आण्णा माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. "ताई, ह्ये काय केलंसा?" म्हणाले. "बाळासायबांचा फोन आला हुता. रडत हुते. तोडणी झाली की जेवायला या म्हणत्यात. धाकटी लेक मशीन बघायला येणार हाय." मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?" आण्णांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "न्हाई, ताई." आणि पुढं म्हणाले, "म्हणतील कवातरी. न्हाई म्हणाले तरी तुमी सांगितलंसा, ते बरं केलं."

हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. त्यांना तो आवडला नाही. "गौरवग्रंथात असलं कुणी लिव्हतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी कान धरले. आण्णांचा गौरव करायचा तर माझी चूक सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही, याला मी तरी काय करू? त्यांची थोरवी मी सगळ्यात जवळून पाहिली, आणि ती माझ्या चुकीमुळेच पाहायला मिळाली. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हे.

आण्णा, तुम्ही वाडीवर परत जाऊन राहणार, भावाच्या मेंढरांकडं बघणार, असं ऐकते. खुशाल जा. तुमची दृष्टी, तुमचे हात, तुमची ती शांत झोप, सगळं शाबूत राहो. नातवंडांना तुमच्या मांडीवर जागा पुरेनाशी होवो. लेकींच्या लेकींची लग्नं तुम्ही धडधाकट पायांनी नाचून लावा. आणि अधूनमधून सांगलीला या. नव्या यंत्राला मनगट लावायला तुमच्यासारखं मनगट आमच्याकडं नाही.

एक मागणं मात्र माझ्यासाठी. त्या दुपारी तुम्ही हळू आवाजात विचारलंत, कारण मोठ्यानं विचारायची सोय मी ठेवली नव्हती. आता तुम्ही निवृत्त, मी म्हातारी. तेव्हा भरपूर जगा, तब्येत सांभाळा, आणि एकदा तरी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणा, "ताई, तुमी चुकला." मी गाठ बघेन.